ई-रीडरवर मराठी वाचायचंय? आधी पुस्तकं तपासा, मग यंत्र घ्या

गेल्या दिवाळीत माझ्या मावशीला तिच्या मुलाने ई-रीडर पाठवला. सहा इंची पडदा, वजनाला हलका, डोळ्यांना शांत. मावशीने वर्षानुवर्षं पेन ड्राइव्हवर जमवलेली पीडीएफ पुस्तकं आम्ही हौसेने त्यावर चढवली. पहिलं पान उघडलं तर अक्षरं मोहरीएवढी. दोन बोटांनी मोठी करायला गेलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर. आठ दिवसांत यंत्र कपाटात गेलं. त्याच्यात बिघाड काहीच नव्हता, आमचा क्रम चुकला होता.

ही चूक मराठी वाचकांच्या घरोघरी होते. आधी यंत्राची तुलना, मग खरेदी, आणि शेवटी प्रश्न पडतो की यावर माझी पुस्तकं येणार कशी? इंग्रजी वाचणाऱ्याचं या क्रमाने बहुधा भागतं. मराठीत भागत नाही, कारण आपली बरीच पुस्तकं अजून पीडीएफमध्ये आहेत आणि देवनागरी प्रत्येक यंत्राला सारखी जमत नाही. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. निम्म्याहून जास्त काम पैसे मोजण्याआधीचं आहे.

टप्पा १ : पुस्तकांची यादी करा

येत्या सहा महिन्यांत खरोखर वाचायची अशी वीस पुस्तकं कागदावर लिहा. प्रत्येकासमोर ते कुठून मिळणार ते लिहा. मराठी ई-पुस्तकं साधारण चार ठिकाणांहून येतात.

१. किंडल स्टोअर, म्हणजे ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरचं पुस्तकांचं दुकान. डिसेंबर २०१६ पासून इथे मराठी पुस्तकांचा अधिकृत विभाग आहे. इथलं पुस्तक बहुधा किंडलवर किंवा किंडलच्या ॲपवरच उघडतं.

२. विक्रेत्याचं स्वतःचं ॲप, उदाहरणार्थ बुकगंगा. अशी पुस्तकं त्या ॲपमध्येच वाचायची असतात, म्हणजे ॲप चालेल असंच यंत्र हवं.

३. मुक्त मजकूर. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब स्वरूपात (अक्षरं वाढवली की ओळी नव्याने जुळतात अशी ई-पुस्तकाची फाइल) उतरवून घेता येतात. टंकलेला, खरा युनिकोड मजकूर (म्हणजे यंत्राला अक्षर म्हणून ओळखता येणारा) असल्यामुळे ई-रीडरसाठी हा सगळ्यात चांगला माल.

४. पीडीएफ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही मोफत मिळतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आहेत.

सावध : व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांत फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ या यादीत धरू नका. मराठी आवृत्त्या छोट्या असतात आणि शंभर प्रती बुडाल्या तरी प्रकाशकाला कळतं. काय मोकळं आहे ते ओळखायचा नियम सोपा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ च्या १ जानेवारीपासून त्यांचं लेखन मुक्त झालं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

यादी पूर्ण झाली की बेरीज करा. वीसपैकी बारा पुस्तकं किंडल स्टोअरची निघाली तर निर्णय जवळजवळ झालाच. बारा पीडीएफ निघाली तर टप्पा ३ दोनदा वाचा.

टप्पा २ : फाइल आतून कशी आहे ते पाहा

दोन फाइलींची नावं सारखी असली तरी आतला माल वेगळा असू शकतो. फाइल संगणकावर उघडा, एक परिच्छेद निवडून कॉपी करा आणि कोऱ्या कागदपत्रात पेस्ट करा.

१. काहीच निवडता आलं नाही, तर ती पानांची छायाचित्रं आहेत.

२. पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा आला, तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते मराठी नाही.

३. मराठी आलं, पण वेलांट्या भलत्याच जागी आणि जोडाक्षरं फुटलेली, तर युनिकोड पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना देवनागरीची मोडतोड झाली आहे. हे फार वेळा होतं.

४. मराठी जसंच्या तसं आलं, तर नशीब चांगलं.

पहिल्या तिन्ही प्रकारांत पीडीएफचं ईपब करायच्या फंदात पडू नका. रूपांतर होतं, फाइलही तयार होते, आणि वाचायला घेतली की तिसऱ्या ओळीत हात टेकावे लागतात. अशा फाइली चित्र म्हणूनच वाचायच्या. त्याची रीत टप्पा ७ मध्ये आहे.

तपासून पाहा : किंडल स्टोअरमधलं पुस्तक घेण्याआधी मोफत नमुना उतरवून अक्षरं मोठी करून बघा. अक्षरं वाढली आणि ओळी नव्याने जुळल्या, तर तो खरा मजकूर. आख्खं पान फुगलं, तर तिथेही पानांची चित्रंच विकायला ठेवलेली आहेत. ही तपासणी फोनवरच्या किंडल ॲपमध्येही होते, म्हणजे यंत्र नसतानाही करता येते.

टप्पा ३ : पडद्याचा आकार मोजून ठरवा

दुकानात सहा आणि सात इंचांतला फरक किरकोळ वाटतो. ईपब वाचणार असाल तर तो किरकोळच आहे, कारण अक्षरं हवी तेवढी वाढवता येतात. पीडीएफच्या बाबतीत मात्र सगळं यावरच ठरतं.

सहा इंची पडदा रुंदीला साधारण ९१ मिलिमीटर असतो, सात इंची साधारण १०७. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक रुंदीला साडेपाच इंच, म्हणजे १४० मिलिमीटर. ते पान सहा इंची पडद्याच्या रुंदीत बसवलं की छपाई ६५ टक्क्यांवर येते आणि १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटच्याही खाली जातं. आता समास कापून टाका. छपाईचा रकाना उरतो साधारण १०५ मिलिमीटरचा. तो सहा इंचांवर ८७ टक्के आकारात दिसतो आणि सात इंचांवर छापील पुस्तकाएवढाच. समास कापण्याची दहा मिनिटं एवढा फरक पाडतात.

दिवाळी अंक, अहवाल, विद्यापीठाच्या नोट्स बहुधा ए-फोर आकाराच्या, २१० मिलिमीटर रुंद. सहा इंचांवर ते पान ४३ टक्के होतं. १२ पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं झालं की वाचन संपलंच. त्यासाठी दहा इंचांच्या आसपासचं यंत्र हवं, नाहीतर सरळ टॅबलेट.

म्हणजे मुख्यतः ईपब आणि स्टोअरमधली पुस्तकं असतील तर सहा इंच पुरे. डेमी आकाराच्या पीडीएफ बऱ्याच असतील तर सात. ए-फोर असेल तर दहा, आणि तेवढं बजेट नसेल तर ई-रीडर घेऊच नका. हे मी मनापासून सांगतो, कारण मावशीचं कपाट मी पाहिलंय.

टप्पा ४ : आता यंत्र निवडा

किंडल भारतात घेणं सोपं आणि मराठी पुस्तकांचं दुकान त्यातच. साध्या किंडलला सहा इंची पडदा, इंचाला ३०० ठिपके, पण पाण्यापासून संरक्षण नाही आणि रात्रीचा पिवळसर उजेडही नाही. पेपरव्हाइटच्या २०२४ च्या मॉडेलला सात इंची पडदा आहे आणि हे दोन्ही आहे. रात्री अंथरुणात वाचणाऱ्याने पिवळ्या उजेडासाठी थोडे पैसे जास्त घालावेत. मला विचाराल तर सगळ्या सोयींमध्ये तीच एक रोज उपयोगी पडते.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी कोबो या ई-रीडरचा पर्याय चांगला आहे. तो ईपब थेट उघडतो आणि ओव्हरड्राइव्ह ही ग्रंथालयांची ई-पुस्तकं उसनी देणारी सेवा त्यातच असल्यामुळे तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकं यंत्रावरच उसनी घेता येतात. किंडलवर ही सोय फक्त अमेरिकेत आहे. पण कोबोवर देवनागरीचा फॉन्ट स्वतः घालायची तयारी ठेवा आणि टप्पा ५ ची चाचणी झाल्याशिवाय खोकं फेकू नका.

ऑनिक्स बुक्ससारखे अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर तिसऱ्या गटात येतात. त्यांवर किंडलचं ॲप आणि बुकगंगाचं ॲप दोन्ही टाकता येतात. ज्यांची यादी चार ठिकाणी विखुरलेली आहे त्यांच्यासाठी हेच बरं. बॅटरी मात्र लवकर उतरते आणि सेटिंगची कटकट जास्त. आईवडिलांना भेट द्यायला हे घेऊ नका.

रंगीत पडद्याबद्दल एवढंच : सध्याच्या रंगीत ई-इंकमध्ये काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांत उमटतात, रंग मात्र १५० मध्ये, आणि पडद्याची पार्श्वभूमी थोडी करडी दिसते. कादंबऱ्या वाचायच्या असतील तर गरज नाही. साठवणुकीच्या जीबींची तुलना करण्यातही वेळ घालवू नका.

सावध : मुलाने परदेशातून यंत्र पाठवलं तर ते कोणाच्या खात्यावर नोंदवायचं ते आधीच ठरवा. पुस्तकं आणि पैसे भरायचं कार्ड खात्याला चिकटलेलं असतं. मुलाच्या खात्यावर वर्षभर पुस्तकं घेऊन नंतर वेगळं खातं काढलं तर जुनी खरेदी सोबत येत नाही. वॉरंटी भारतात चालते का, तेही घेण्यापूर्वी विचारा.

टप्पा ५ : पहिल्या दिवशी देवनागरीची परीक्षा घ्या

परत करण्याची मुदत चालू असते तेव्हाच हे उरका. पुढचे शब्द एका फाइलमध्ये टंका, ती यंत्रावर पाठवा आणि शेजारी छापील पुस्तक धरून मिळवून पाहा :

दुसऱ्या, कुऱ्हाड, वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती, कर्तृत्व, किल्ल्यांतील, ॲप.

१. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर देवनागरी फॉन्ट नाही. फॉन्ट घातला की प्रश्न सुटतो.

२. ‘किल्ल्यांतील’मधली वेलांटी ‘क’च्या नंतर पडली किंवा हलन्त सुटे दिसले, तर त्या यंत्राला देवनागरी जुळवताच येत नाही. इथे फॉन्ट बदलून काही होणार नाही. वाचायचं ॲप बदलावं लागेल किंवा यंत्र परत करावं लागेल. कोबो आणि पॉकेटबुक या ई-रीडरवर कोरीडर नावाचं मोफत वाचन-ॲप टाकता येतं. ते देवनागरी नीट जुळवतं.

३. ‘दुसऱ्या’मधला ‘य’ला चिकटलेला अर्धा ‘र’ जाऊन वर रफार बसला, तर दोष बहुधा फाइलमध्ये आहे. हा ‘र’ संगणकावर दोन तऱ्हांनी टंकला जातो, आणि एका तऱ्हेत लागणारं न दिसणारं जोडचिन्ह रूपांतरात गळून पडतं. याचमुळे पुस्तकात ‘दुसऱ्या’ शोधलं तर समोर दिसणारा शब्दही कधीकधी सापडत नाही. तेव्हा शब्दाचा आधीचा भाग शोधावा.

४. सगळं ठीक, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. हा दोष फॉन्टचा. उपाय टप्पा ८ मध्ये.

या चार लक्षणांची गल्लत करू नका. पहिल्या आजारावरचं औषध दुसऱ्याला देण्यात लोक रविवारच्या रविवार घालवतात.

टप्पा ६ : ईपब चढवा

किंडलवर ईपब यूएसबीने टाकला तर तो दिसतच नाही, आणि मग लोक यंत्राला दोष देतात. तो पाठवायचाच असतो. क्रम असा :

१. ॲमेझॉनच्या खात्यात यंत्रांच्या पानावर तुमच्या किंडलचा ईमेल पत्ता सापडेल. तो उतरवून घ्या.

२. तिथेच वैयक्तिक कागदपत्रांच्या सेटिंगमध्ये, ज्या ईमेलवरून तुम्ही फाइल पाठवणार तो पत्ता मान्य पत्त्यांच्या यादीत घाला. ही पायरी राहिली तर फाइल पोहोचत नाही. दहातल्या आठ तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

३. फाइल जोडून ईमेल पाठवा. मर्यादा ५० एमबी. त्याहून मोठी असेल तर सेंड टू किंडलच्या वेबपानावरून २०० एमबीपर्यंत जाते.

४. किंडलचं वाय-फाय चालू ठेवा.

मोबी स्वरूपातल्या जुन्या फाइली आता या वाटेने जात नाहीत. कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या आणि त्यांचं ईपब करून पाठवा. यूएसबीनेच न्यायचं असेल तर कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू-थ्री या किंडलच्या स्वरूपात करून घ्या.

रूपांतराआधी कॅलिबरमध्ये पुस्तकाची माहिती उघडून भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. बऱ्याच फाइलींत तिथे इंग्रजी असतं किंवा तो रकाना रिकामा असतो. काही फॉन्ट याच नोंदीवरून मराठी वळणाची अक्षरं काढतात.

तपासून पाहा : यंत्र जोडूनही संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. २०२४ पासूनची किंडल मॅक संगणकावर आपोआप उघडत नाहीत, त्यासाठी फाइल हलवण्याचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

टप्पा ७ : पीडीएफ वाचण्याजोगी करा

मूळ फाइलला हात लावू नका. प्रत काढा आणि प्रतीवर काम करा.

१. पीडीएफ ईमेलने पाठवताना विषयाच्या जागी ‘कन्व्हर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. इंग्रजी पुस्तकाला तो ठीक आहे. मराठी पीडीएफचा त्याने चुराडा होतो. विषय रिकामा ठेवा.

२. के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते पानाकडे चित्र म्हणून बघतं, त्यामुळे फॉन्ट कोणताही असो, अक्षरं फुटत नाहीत.

३. आधी मधली दहाच पानं करून पाहा. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेवरून अंदाज चुकतो.

४. पहिला प्रयत्न फक्त समास कापण्याचा करा. डेमी पुस्तकाला बहुधा एवढंच पुरतं.

५. नाही पुरलं तर यंत्र आडवं धरा. सहा इंची पडद्याची आडवी रुंदी १२२ मिलिमीटर, म्हणजे १०५ मिलिमीटरचा रकाना छापील आकारापेक्षा मोठा दिसतो. एक पान दोन-तीनदा सरकवावं लागतं, पण अर्ध्या तासात सवय होते.

६. शब्द-शब्द उचलून नव्या ओळी जुळवायची सोय शेवटी वापरा. जुन्या स्कॅनमध्ये पान तिरकं असेल तर मात्रा आणि उकार वेगळी ओळ समजून कापले जातात. शिरोरेषेच्या वर काय उरलंय ते प्रत्येक नमुना पानावर पाहा.

स्कॅनमधून मजकूर उचलायचाच असेल तर फाइलचे छोटे तुकडे गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी बरंच ओळखलं जातं. पण प्रत्येक पान मूळ पानाशी ताडून पाहावं लागतं. एखादी आवडती पोथी किंवा आजोबांचं छोटं पुस्तक असेल तर ही मेहनत जरूर करा. चारशे पानांच्या कादंबरीला करू नका.

टप्पा ८ : फॉन्ट

किंडल आणि कोबो दोन्हींवर यूएसबी जोडून ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की ती यादीत येते. कोबोवर हे फोल्डर नसेल तर स्वतः बनवा, नाव इंग्रजीत.

कोणता फॉन्ट? माझं मत तिरो देवनागरी मराठीला. गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे. त्यात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात याच रूपांचा आग्रह धरला होता. चारशे पानं वाचताना आपला ‘ल’ डोळ्यांसमोर असणं मला महत्त्वाचं वाटतं. पहिलीत गिरवलेलं अक्षर आहे ते. पडद्यावर बारीक रेघा फिक्या वाटल्या तर मुक्ता घ्या, त्याच्या रेघा सगळीकडे जवळपास सारख्या जाडीच्या आहेत.

यादीतून फॉन्ट निवडूनही पुस्तकात बदल दिसला नाही, तर कॅलिबरमध्ये रूपांतर करताना तो पुस्तकातच बसवा.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा. मात्रा, अनुस्वार आणि खालचे उकार यांना जागा लागते. अक्षरं वाढवूनही डोळे थकत असतील तर बहुतेक वेळा दोष या अंतराचा असतो.

टप्पा ९ : रोजची काळजी

पडद्याखाली पातळ काच असते. माझा पहिला ई-रीडर पिशवीत जेवणाच्या डब्याला टेकून होता. लोकलच्या गर्दीत पिशवी दाबली गेली आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात पान कायमचं गोठलं. वरून एक चराही नव्हता. तेव्हापासून कडक झाकणाचं कव्हर, आणि पिशवीत पडद्याची बाजू वहीकडे.

बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवू नका. वाचन थांबणार असेल तर अर्धी भरून बंद करा.

फाइलींची एक प्रत संगणकावर आणि एक बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. किंडलवरचं विकत घेतलेलं पुस्तक फेब्रुवारी २०२५ पासून बहुधा संगणकावर उतरवून ठेवता येत नाही, त्यामुळे ते खात्यावरच अवलंबून आहे. त्या खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि यंत्र कोणाच्या नावावर आहे ते घरातल्या डायरीत लिहून ठेवा. मावशीच्या डायरीत ते आता दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानामागे आहे. नवं सात इंची यंत्र तिच्या उशाशी असतं.